सैनिकाच्या घरातील अपंग आश्रित : अणदूरच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक विचार

लष्करी इतिहास लिहिताना आपले लक्ष स्वाभाविकपणेच मोहिमा, तह, किल्ले आणि सेनानी यांवर खिळते. सैन्यात गेलेल्या माणसाच्या मागे जे घर राहते, त्याची नोंद क्वचित होते. आणि त्या घरात एखादे अंध, मूकबधिर, पांगळे अथवा बुद्धीची वाढ अपुरी राहिलेले मूल असेल, तर त्याचा उल्लेख बहुधा आढळतच नाही. अशा आश्रितांना राज्यसंस्थेने केव्हा आणि कोणत्या तत्त्वावर आधार दिला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विचाराचे स्थळ म्हणून अणदूर घेतले आहे. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर-हैदराबाद मार्गावरचे हे गाव खंडोबाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. ते छावणीचे गाव नव्हे. परंतु शेजारच्या नळदुर्गामुळे लष्कराची वाट त्याच्या उंबरठ्यावरून गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या पोलीस कारवाईला आरंभ झाला, तेव्हा भारतीय सेना सोलापूरकडून याच मार्गाने नळदुर्गावर चालून आली. छावणीपासून दूर असलेल्या अशा गावातच सैनिकांच्या कल्याणयोजनांची खरी परीक्षा होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सैनिकाच्या कुटुंबाचा भार राज्याने उचलावा, ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९४ च्या सुमारास रचलेल्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची, म्हणजे १६५९ मधील, व्यवस्था सांगितली आहे. पडलेल्या लोकांच्या पुत्रांचे चालवावे, पुत्र नसल्यास विधवेस निमे वेतन द्यावे, जखमींना जखमेच्या मानाने होन द्यावेत, असा तिचा आशय आहे. पुढे पेशवाईच्या काळात हीच दृष्टी ‘बालपरवेशी’ या नावाने स्थिर झालेली दिसते. कामी आलेल्या शिपायाच्या अज्ञान मुलांच्या व कुटुंबाच्या पोषणार्थ दिलेली नेमणूक, असा या संज्ञेचा अर्थ आहे.

ही व्यवस्था उदार होती, यात शंका नाही. तथापि तिच्या मुळाशी असलेले गृहीतकृत्य ध्यानात घेतले पाहिजे. बालपरवेशीतील ‘बाल’ हा शब्द मुदतीचा निदर्शक आहे. मूल वाढेल, हाती शस्त्र धरील, बापाची जागा चालवील आणि मग नेमणुकीचे प्रयोजन संपेल, असा हा विचार होता. जे मूल वयाने वाढेल, परंतु कमावते कधीच होणार नाही, त्याला या विचारात जागा नव्हती. त्याचा सांभाळ एकत्र कुटुंबाने, भाऊबंदांनी अथवा देवस्थानाच्या अन्नछत्राने करावा, हेच तत्कालीन समाजाला स्वाभाविक वाटत असले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात अणदूरच्या परिसराचा लष्कराशी असलेला संबंध वेगळ्याच प्रकारे जुळून आला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची निजामाकडील बाकी वाढत गेली, म्हणून १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास राहून त्याची व्यवस्था पाहत असे. १८६० मध्ये हा भाग निजामास परत मिळाला. मधल्या वर्षांत येथील शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यावर एका फौजेचा पगार भागत होता. फौजेच्या खर्चाचा हिशेब इतका काटेकोर, की त्यासाठी मुलूख तोडून घेतला गेला. परंतु त्या हिशेबाचे एकक होते पगारपत्रकावरील शिपाई, त्याचे घर नव्हे.

पहिल्या महायुद्धाने अपंगत्वाचा प्रश्न प्रथमच ठळकपणे राज्यकर्त्यांपुढे आणला. जायबंदी होऊन परतणाऱ्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल ही संस्था निघाली आणि पुढे ती खडकीस गेली. १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड अस्तित्वात आले. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड हा त्याचाच उत्तरावतार होय. स्वातंत्र्योत्तर युद्धांनंतर १९७४ मध्ये खडकीलाच पाठीच्या कण्याला इजा होऊन पंगू झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. या सर्व संस्थांचे कार्य मोलाचे आहे. मात्र त्यांच्या दृष्टीसमोर जो अपंग होता तो स्वतः सैनिक होता. सेवेत आलेल्या अपंगत्वाची भरपाई, हे त्यांचे तत्त्व होते. सैनिकाच्या अपंग मुलाची गरज सेवेतून उत्पन्न झालेली नसते. सेवेमुळे ती अधिक बिकट मात्र होते. वडील सीमेवर असतात, बदल्या होत राहतात, शाळा व उपचार मध्येच तुटतात, आणि सारा भार आईवर अथवा गावाकडच्या आजी-आजोबांवर पडतो.

या दुसऱ्या प्रकारच्या गरजेची दखल घेतली जाण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशनच्या वतीने पुढे पुण्यासह अनेक छावण्यांत ‘आशा’ या नावाच्या विशेष शाळा चालू झाल्या. निवृत्तिवेतनाच्या नियमांतही महत्त्वाचा पालट झाला. सर्वसाधारण मुलाचे कुटुंबनिवृत्तिवेतन पंचविसाव्या वर्षी संपते. परंतु उपजीविका करण्यास असमर्थ अशा अपंग अपत्यास ते आजीव मिळू लागले. बालपरवेशीतील ‘बाल’ हा शब्द येथे गळून पडला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असणाऱ्या प्रौढ व्यक्तींना कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली, आणि आईवडिलांच्या पश्चात काय, या प्रश्नाला प्रथमच विधिवत उत्तर मिळाले. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने अशा अपत्याच्या उत्पन्नाची अट सैल केली. पूर्वी दरमहा ९,००० रुपये व त्यावरील महागाई भत्ता ही मर्यादा होती. आता इतर मार्गांचे उत्पन्न साधारण दराच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाहून, म्हणजे अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के व त्यावरील महागाई भत्ता याहून, कमी असले की पुरे. थोडेफार कमावणाऱ्या अपंगाला त्याच्या कष्टाबद्दल दंड होऊ नये, हे तत्त्व यात मान्य झाले.

अमेरिकेत २००९ मध्ये संमत झालेल्या कायद्याने विशेष गरजा असलेल्या लष्करी कुटुंबांसाठी स्वतंत्र कार्यालय निर्माण केले. तेथे अशा कुटुंबियांची नोंद ठेवून ती सैनिकाच्या नेमणुकीचे स्थळ ठरविताना विचारात घेतली जाते. आपल्याकडील प्रश्नाचे स्वरूप थोडे निराळे आहे. आपल्या जवानाचे कुटुंब पुष्कळदा छावणीत नसून गावातच असते. विशेष शाळा पुण्यास, पालक नेमणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि मूल अणदुरास, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. हक्क कागदावर पूर्ण असतो. परंतु प्रमाणपत्र, पालकत्व व निवृत्तिवेतन या तीन दारांशी अपंग मुलाला घेऊन कोणी जावे, याचे उत्तर नियमांत सापडत नाही. अणदुरातच हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन घरापर्यंत पोहोचणारी सेवा उभी केली, हे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सैनिक कल्याण कार्यालयाने अशा गावपातळीवरील कार्यकर्तीचा हात धरला, तर हे अंतर पुष्कळच कमी होईल.

सारांश, या इतिहासाची दिशा मदतीच्या रकमेवरून कळत नाही. आश्रित कोणास म्हणावे, या व्याख्येच्या विस्तारावरून कळते. पुत्र, विधवा, जायबंदी शिपाई आणि अखेरीस कधीच कमावते न होणारे अपत्य, असा तो क्रम आहे. पुणे पुराभिलेखागारातील बालपरवेशीचे कागद आणि जिल्हा सैनिक कार्यालयांची दप्तरे या व्याख्येच्या प्रकाशात पुन्हा वाचण्याजोगी आहेत. कोणत्या अर्जाला मंजुरी मिळाली याइतकेच, कोणत्या घरातून अर्ज आलाच नाही, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे.