एक पाय अनवाणी

२६ जानेवारी २००७. इकडे आपण सुट्टीचा आळस काढत होतो, तेव्हा विम हॉफ नावाचा एक डच माणूस फिनलंडमध्ये औलू शहराजवळ बर्फावरून अनवाणी पळत होता. अंगात फक्त चड्डी. अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या थोडं वर, २ तास १६ मिनिटं ३४ सेकंदांत. गिनीज बुकात नोंद झाली, पुढे तो विक्रम मोडलाही गेला. असे व्हिडिओ बघितले की मला पहिला प्रश्न पडतो तो इंजिनिअरचा: पाय शाबूत राहतात कसे?

थंडीत शरीर काय करतं हे मराठी माणसाला एका शब्दात सांगता येतं. लोडशेडिंग! हृदय, मेंदू वगैरे म्हणजे मुंबई, तिथली वीज जाता कामा नये. हातापायांची बोटं म्हणजे लांबची खेडी. गारठा वाढला की पहिला फटका त्यांना. रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्ताचा पुरवठा बंद. पण तो कायमचा बंद होत नाही. १९३० मध्ये थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने लोकांची बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिली, तर पाच-दहा मिनिटांनी वाहिन्या आपोआप उघडत होत्या, मग पुन्हा बंद, मग पुन्हा उघड्या. खेड्याला रात्रीतून थोडा वेळ वीज सोडावी तसं. अट एकच, केंद्रात वीज शिल्लक पाहिजे. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता तयार करतो, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. पळणारा माणूस त्याच्या कितीतरी पट. शिवाय पळताना प्रत्येक पाऊल निम्म्याहून जास्त वेळ हवेतच असतं. म्हणजे पोट भरलेलं, अंग तापलेलं आणि पाय हलते असतील, तर बर्फावरचा माणूस बराच वेळ तग धरतो. घात होतो तो भिजल्यावर, दमल्यावर, थांबल्यावर. त्यात गारठलेला पाय दुखायचाही बंद होतो. म्हणजे अलार्मच बंद.

हॉफला हवं तेव्हा थांबून उबेत जाता येत होतं. ज्याला थांबता येत नव्हतं अशा माणसाची गोष्ट त्याच्याआधी ६४ वर्षांची आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

यान बोल्सरूद. जन्म १९१७, ओस्लोचा. धंद्याने उपकरणं बनवणारा कारागीर, म्हणजे तसा आपल्याच जातकुळीतला. जर्मनीने १९४० मध्ये नॉर्वे घेतल्यावर तो निसटला, लांबचा वळसा घालत ब्रिटनला पोचला आणि तिथे तयार होत असलेल्या नॉर्वेजियन कमांडो तुकडीत दाखल झाला. मार्च १९४३ मध्ये शेटलंड बेटांवरून एक मासेमारी बोट निघाली. आत बारा माणसं आणि आठ टन स्फोटकं. काम होतं उत्तर नॉर्वेत बार्डुफॉसच्या विमानतळावर घातपात करण्याचं आणि तिथे प्रतिकाराचं जाळं विणण्याचं. बोट आर्क्टिक वृत्ताच्याही वर, टॉफ्टेफ्योर्ड नावाच्या खाडीत थांबली. आणि इथे नशिबाने दगा दिला. ज्या दुकानदाराशी संपर्क करायचा, त्याच नावाचा दुसराच दुकानदार त्यांना भेटला. जर्मन आपली परीक्षा घेताहेत या भीतीने त्याने खबर दिली. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. मला नाही जमत ते.

३० मार्चला जर्मन जहाज खाडीच्या तोंडाशी आलं. यांनी वात पेटवून बोट उडवून दिली आणि पाण्यात उड्या टाकल्या. बोल्सरूद काठाला लागला तेव्हा चिंब भिजलेला होता, आणि एका पायातला बूट समुद्रात गेला होता. समोर बर्फाने भरलेली उभी घळ. मागून गोळ्या. तो त्या घळीतून वर पळाला, एक पाय बुटात, एक उघडा. पाठलाग करणाऱ्यांच्या पुढच्या अधिकाऱ्याला त्याने पिस्तुलाने मारलं. पायाच्या अंगठ्याला गोळी लागून तुकडा उडाला. तसाच पळत राहिला, पुन्हा समुद्रात उतरून शेजारच्या बेटावर गेला. बाकीचे अकराही मेले, काही गोळ्यांनी, काही छळाने.

आता गंमत बघा (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो). ओल्या कपड्यांत, अर्ध्या अनवाणी पायांनी पळताना त्याचे पाय वाचले. ते गेले नंतर. लोकांनी कोरडे कपडे दिले, पुढे स्की मिळाल्या आणि तो लिंगेनच्या डोंगरांत शिरला. तिथे हिमकडा कोसळला. स्की गेल्या, बर्फाच्या चकाकीने डोळे गेले, खायला काही नाही. दिवसरात्र भरकटत तो फुरूफ्लातेन गावच्या एका घरात अक्षरशः कोसळला. तिथून पुढे हा माणूस पळाला नाही, चाललाही नाही. मारिउस ग्रोनवोल आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला रात्री खाडीपलीकडच्या एका झोपडीत लपवलं, मग स्ट्रेचरला बांधून डोंगरावर चढवलं. पलीकडचे मानदालेनचे लोक येऊन घेऊन जाणार होते. वादळं आणि जर्मन गस्त यांमुळे ते वेळेवर पोचेनात. पठारावर, एका खडकाच्या आडोशाला, बर्फाची भिंत रचून हा पडून राहिला. २७ दिवस. जमेल तेव्हा लोक अन्न घेऊन वर यायचे. बोटं काळी पडायला लागली. सड वर चढू नये म्हणून त्याने खिशातल्या चाकूने स्वतःची बोटं कापली. एकूण नऊ. पावलं मात्र वाचली.

शेवटी सामी लोकांनी त्याला रेनडिअरच्या घसरगाडीवरून, जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या फिनलंडचा कोपरा ओलांडून, स्वीडनमध्ये पोचवलं. तोवर जून उजाडला होता. बूट हरवल्यापासून दोन महिने.

१९५५ मध्ये डेव्हिड हॉवर्थने यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, १९५७ मध्ये नॉर्वेत सिनेमा निघाला, २०१७ मध्ये आणखी एक. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो बर्फातून पळणारा एकटा माणूस. साहजिक आहे, पोस्टर त्याचंच चांगलं होतं. पण हिशेब मांडून बघा. तो स्वतःच्या पायांवर होता साधारण दहा दिवस. उरलेले सात आठवडे त्याला दुसऱ्यांनी वाहिलं, कोळ्यांनी, शेतकऱ्यांनी. आणि पकडलं गेलो तर काय होतं ते नॉर्वेत सगळ्यांनी पाहिलं होतं. बरोबर एक वर्ष आधी, एप्रिल १९४२ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावरच्या तेलावोग गावात असेच दोन कमांडो लपले होते. चकमकीत दोन गेस्टापो अधिकारी मेले. जर्मनांनी गाव जाळलं, गुरं मारली किंवा नेली, ७२ पुरुष छळछावणीत धाडले. त्यातले ३१ परत आले नाहीत. मानदालेनच्या माणसाने पाठीवर अन्न बांधून डोंगर चढताना हे सगळं मागे घरी ठेवलेलं असायचं, बायकोपोरांसकट. हॉफच्या २ तास १६ मिनिटांना निदान घड्याळ लावता आलं. या चढणीला कुठलं रेकॉर्ड बुक पुरणार?

बोल्सरूद स्वीडनमध्ये कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये होता. बोटांशिवाय तोल सांभाळत चालायला शिकला, मग स्कॉटलंडला जाऊन नव्या कमांडोंना शिकवू लागला. १९८८ मध्ये वारला. त्याची रक्षा ओस्लोत नाही, मानदालेनमध्ये पुरलेली आहे. थडगं स्वतंत्रही नाही. डोंगरावर मदतीला येणाऱ्यांपैकी आस्लाक फॉसवोल १९४३ मध्येच वारला होता, त्याच्याच थडग्यात.