डांब, ताण, टेकू वगैरे

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा मनोरा उभा करायचा करार आला तेव्हा सगळ्यांचं लक्ष भाड्याच्या आकड्याकडे होतं. मी पहिल्याच पानावरच्या व्याख्येत अडकलो. मनोरा, शेल्टर, जनरेटर, बॅटऱ्या, अर्थिंग, केबल अशी यादी आणि शेवटी ‘किंवा आधारासाठी लागणारं अन्य कोणतंही साधन’. सहा महिन्यांनी गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक खांब उगवला. कंपनीच्या माणसाने करारातल्या याच ओळीवर बोट ठेवलं. चेअरमन माझ्याकडे बघू लागले, जणू ती ओळ मीच लिहिली होती.

ती ओळ मुळात विलायतेची. ब्रिटनमध्ये तारायंत्र सुरुवातीला खासगी कंपन्यांच्या हाती होतं. तारा रेल्वेच्या कडेने निघाल्या, मग रस्त्यांवर आल्या, मग लोकांच्या घरांवर चढल्या. कुणाच्या जागेत, कुणाच्या परवानगीने, हे ठरवायला १८६३ साली टेलिग्राफ कायदा झाला. त्यासाठी आधी तार कशाला म्हणायचं आणि तारेला पेलणाऱ्या वस्तूला काय म्हणायचं, ते लिहून ठेवणं भाग होतं. तार म्हणजे तार आणि तिच्या भोवतीचं आवरण, नळी वगैरे. ‘पोस्ट’ म्हणजे मात्र खांब, डांब, उभा दांडा, ताण, टेकू किंवा तार वाहून नेणारी, टांगणारी, पेलणारी जमिनीवरची अन्य ‘कॉन्ट्रायव्हन्स’. यादीतला पहिला भाग सुताराने सांगितल्यासारखा आहे, शेवटचा शब्द वकिलाचा. कॉन्ट्रायव्हन्स म्हणजे युक्तीने केलेली जोडणी. आपण ‘खटपट करून उभं केलेलं काहीतरी’ म्हणू, त्याच्या जवळपासचं.

एवढं करूनही एक फट राहिलीच. एका टेलिफोन कंपनीने रस्त्यात खांब न रोवता या घराच्या छपरावरून त्या घराच्या छपरावर तार ओढली. लंडनच्या वँड्सवर्थ भागातलं स्थानिक मंडळ कोर्टात गेलं: रस्ता आमचा, तर वरची हवाही आमची. १८८४ साली अपील कोर्टाने सांगितलं की रस्ता मंडळाकडे सोपवला आहे तो रस्ता म्हणून वापरण्यापुरता. इतक्या उंचीवरचं आकाश त्यात येत नाही. तार राहिली.

आपल्याकडे तारेचा पहिला आधार बांबूचा होता. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने १८३९ मध्ये कलकत्त्यात बांबूंवर लोखंडी तार ताणून प्रयोग केला. १८५५ मध्ये तारसेवा सर्वांसाठी खुली झाली. भारतीय टेलिग्राफ कायदा १८८५ चा. त्यात ‘पोस्ट’ची व्याख्या जवळपास जशीच्या तशी विलायतेहून आली, ताण-टेकूसकट. आणि तिच्या जोडीला कलम १० आलं: सरकार कुणाच्याही जमिनीत खांब रोवू शकेल, पण जमिनीवर त्याचा हक्क फक्त वापरापुरता, नुकसान कमीत कमी करायचं आणि झालं तर पूर्ण भरपाई द्यायची. खांब जमिनीत आहे, पण जमीन खांबवाल्याची नाही. २००३ च्या वीज कायद्याचं कलम १६४ हेच टेलिग्राफवाल्यांचे अधिकार वीजवाहिन्या टाकणाऱ्यांना देण्याची सोय करतं. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या उसात अतिउच्चदाबाचा मनोरा उभा राहतो तेव्हा भरपाईचं भांडण १८८५ च्या भाषेत चालतं. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, भांडण चालू राहिलं.

मोबाइल आल्यावर व्याख्येचं काम कायद्यातून करारात सरकलं. २००० सालापासून सरकार ‘आयपी-वन’ नोंदणी देऊ लागलं: मनोरा, रिकामी फायबर, डक्टमधली जागा आणि मार्गाधिकार भाड्याने देणारी, पण स्वतः फोनसेवा न देणारी कंपनी. २००७ मध्ये तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून इंडस टॉवर्स काढली. एका मनोऱ्यावर तिघे भाडेकरू म्हटल्यावर कुणाचं काय, हे लिहावंच लागलं. ‘पॅसिव्ह’ म्हणजे मनोरा, शेल्टर, वीज, डिझेल, बॅटरी. ‘अॅक्टिव्ह’ म्हणजे अँटेना आणि लहरींशी बोलणारी यंत्रं. शिवाय अँटेना किती, कुठल्या उंचीवर, वीज किती खाणार. अँटेना वाढल्या की भाडं वाढतं. १८६३ च्या व्याख्येला ताण मोजायचा नव्हता; या करारांना किलोवॉटही मोजावे लागतात.

आता मनोरा ही वस्तू आहे की इमारत? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, मालमत्ता कराच्या दृष्टीने ती इमारत. गुजरातमधल्या महापालिकांना कर घेता येईल. मग पुण्याच्या केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तालयाशी चाललेल्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मनोरा स्थावर ठरवला होता, तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फिरवला: नट-बोल्ट सोडवून दुसरीकडे नेता येतो, जमिनीत फक्त डुलू नये म्हणून बसवलेला असतो, म्हणून तो माल. दोन्ही निकाल आपापल्या करापुरते बरोबर आहेत. मला मात्र दुसरा जास्त पटतो, कारण तो मनोऱ्याच्या पायाशी जाऊन बघतो.

२०१६ च्या मार्गाधिकार नियमांत जमिनीवरच्या टेलिग्राफ सुविधांची व्याख्या आली, तीत पोस्ट आणि ‘जमिनीवरची अन्य कॉन्ट्रायव्हन्स’ पुन्हा हजर. २०२२ च्या दुरुस्तीने ‘स्ट्रीट फर्निचर’ आणलं: दिव्याचा खांब, सिग्नल, बसथांबा. त्यावर छोटा मोबाइल सेल बसवायचा तर शहरात वर्षाला ३०० रुपये, गावात १५० असा दर तेव्हा ठरला. ताण आणि टेकू त्या यादीत नव्हते. आता एसटीच्या थांब्यालाही लहरी पेलाव्या लागू शकतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने पुढचं पाऊल टाकलं: जागेवरचं कर्ज, दावा, दिवाळखोरी यांचा तिथल्या दूरसंचार जाळ्याशी संबंध नाही. जुनं कलम १० जमीनमालकाला वाचवत होतं. नवं कलम मनोऱ्यालाही वाचवतं.

आमच्या कराराचं गेल्या वर्षी नूतनीकरण झालं. ‘अन्य कोणतंही साधन’ काढायला कंपनी तयार होईना. शेवटी गच्चीवर खडूने चौकोन आखला, टेपने मोजला, त्याचा नकाशा कराराला जोडला आणि त्या ओळीपुढे ‘या चौकोनाच्या आत’ एवढे शब्द घातले. पावसात खडू धुऊन गेला. चेअरमननी मग ऑइलपेंटचा डबा आणला.