चांदीपुरा विषाणूचे कूळ

विषाणूची ओळख आपण बहुधा गावावरून करतो, नाहीतर आजारावरून. 1965 साली नागपूर परिसरात चिकुनगुन्या आणि डेंग्यूच्या तापाची साथ असताना, चांदीपुऱ्यातल्या दोन तापकऱ्यांच्या रक्तात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, एक वेगळाच विषाणू सापडला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी 1967 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि वस्तीचे नाव विषाणूला कायमचे चिकटले. पण सापडण्याचे ठिकाण म्हणजे कूळ नव्हे. आजाराची लक्षणे म्हणजेही कूळ नव्हे. आरएनए विषाणूचे कूळ ठरते ते तो स्वतःची नक्कल कशी करतो आणि पेशीला वाचता येईल असा संदेशवाहक आरएनए कसा तयार करतो यावरून. हे तत्त्व फक्त प्रयोगशाळेपुरते नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या गोठ्यातले जनावर आणि त्याच गावातले तापाने फणफणलेले मूल, दोघांच्याही आजाराकडे पाहण्याची दृष्टी त्यामुळे बदलते.

लक्षणे कशी फसवतात, याचा दाखला गोठ्यातच आहे. जनावराच्या तोंडात फोड आले, लाळ गळू लागली, खुरांत जखमा झाल्या, की पशुपालक लाळ्या-खुरकूत म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खरे असते. अमेरिका खंडांत मात्र हुबेहूब असेच फोड आणणारा आणखी एक आजार आहे, व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस. डोळ्यांनी पाहून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. तरी त्यांच्या विषाणूंचे एकमेकांशी जवळचे नाते नाही. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा सख्खा नातलग आहे आपला चांदीपुरा, जो मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. आणि त्याच घराण्यात पिसाळलेल्या कुत्र्याचा रेबीजही आहे. तोंडातले फोड, मेंदूज्वर आणि पिसाळणे यांना एका घरात आणणारा धागा आजारात नाही, नक्कल करण्याच्या रीतीत आहे.

ती रीत समजण्यासाठी जुना छापखाना आठवावा. छापलेला कागद कुणीही वाचू शकतो. खिळ्यांवरची अक्षरे उलटी असतात, त्यांचा छाप काढावा तेव्हा मजकूर कळतो. लाळ्या-खुरकूतचा आरएनए छापील कागदासारखा आहे. तो पेशीत शिरला की पेशीतले रायबोसोम तो सरळ वाचतात आणि त्यातूनच नकला करणारे प्रथिनही तयार होते. अशा आरएनएला धन धागा म्हणतात. चांदीपुऱ्याचा सुमारे 11 हजार अक्षरांचा आरएनए मात्र ऋण धागा, म्हणजे खिळ्यांचा जुळवलेला मजकूर. तो तसाच वाचला तर अर्थ लागत नाही; त्याची पूरक प्रत निघाली तरच तो संदेश होतो. आरशातले अक्षर आणि पूरक अक्षर एकच नव्हेत, एवढी मर्यादा मान्य करूनही ही उपमा नेमक्या अडचणीवर बोट ठेवते: आरएनएवरून आरएनए छापणारे असे यंत्र आपल्या पेशीत तयार नसते. मग पहिला छाप काढणार कोण?

हा प्रश्न प्रयोगांनीच पुढे आणला. तंबाखूच्या पानांवर रोग आणणाऱ्या विषाणूचा नुसता आरएनएही लागण करतो, हे 1956 मध्ये दिसले होते. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसच्या उघड्या आरएनएने मात्र लागण होत नव्हती. 1970 मध्ये डेव्हिड बाल्टिमोर, अ‍ॅलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी उत्तर दिले: विषाणूच्या कणातच नक्कल करणारे विकर बांधून ठेवलेले असते. ज्याला खिळे पाठवायचे आहेत, त्याला छापयंत्रही सोबत पाठवावे लागते. 1976 मध्ये अब्राहम आणि अमिय बॅनर्जी यांच्या अतिनील किरणांच्या प्रयोगांतून, आणि त्याच वर्षी बॉल आणि व्हाइट यांच्याही कामातून, यंत्राची चाल कळली. ते नेहमी एकाच टोकापासून सुरू होते आणि पाच जनुके क्रमाने छापते: एन, पी, एम, जी, एल. प्रत्येक जनुकाच्या शेवटी ते त्याच काही अक्षरांवर पुन्हा पुन्हा घसरते आणि त्यातून संदेशाची लांब शेपटी तयार होते. मग पुढचे जनुक. पण दर थांब्यावर काही यंत्रे गळतात, म्हणून पहिल्या जनुकाचे संदेश सर्वांत जास्त आणि शेवटच्याचे सर्वांत कमी निघतात. ही गळती उधळपट्टी नाही. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसच्या एका कणात आरएनएवर आवरण घालणारे एन प्रथिन बाराशेच्या आसपास लागते, तर यंत्राचा मुख्य भाग असलेले एल जेमतेम 50. जनुकांचा क्रम हाच उत्पादनाचा हिशेब आहे. एन पुरेसे साठले की तयार होणारा नवा धागा लगोलग त्यात गुंडाळला जातो, यंत्र थांबे ओलांडून सलग धावते, आणि संदेशाऐवजी संपूर्ण जीनोमची पूरक प्रत व तिच्यावरून नवे जीनोम तयार होतात.

यावर रास्त आक्षेप असा की, संदेशवाहक आरएनए कसा तयार होतो यावरून बाल्टिमोरने 1971 मध्ये केलेली विषाणूंची विभागणी कार्यपद्धतींची यादी आहे, वंशावळ नव्हे; एकच धंदा करणारे सगळे एका कुळातले नसतात. धन धाग्याच्या विषाणूंबाबत हे खरेच आहे, ते आज अनेक संघांत विभागलेले आहेत. पण त्यांची विभागणी कशाच्या आधारे झाली? आरएनएवरून आरएनए बनवणाऱ्या त्याच विकराच्या रचनेच्या तुलनेतून. त्याच आधारावर 2018 पासून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रायबोव्हिरिया हे साम्राज्य मानले गेले आणि ऋण धाग्याच्या विषाणूंना त्यात स्वतंत्र संघ मिळाला. आक्षेपाने यादी दुरुस्त होते, मूळ दावा अधिक पक्का होतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे: मूल तापात असताना कुळाचा काय उपयोग? 2003 मध्ये आंध्र प्रदेशात नोंदलेल्या 329 बालरुग्णांपैकी 183 दगावले. महाराष्ट्रही त्या साथीतून सुटला नाही. 2024 मध्ये गुजरातेत पुन्हा मुले गेली. धोका तिसगावपासूनही दूर नाही: ज्या वाळूमाशीत हा विषाणू आढळला, ती अहिल्यानगरला लागून असलेल्या तेव्हाच्या औरंगाबादेतच पकडलेली होती. चांदीपुऱ्यावर अजून मान्य लस वा नेमके औषध नाही. म्हणूनच कूळ महत्त्वाचे. हा विषाणू संदेशाच्या टोकावर जी टोपी चढवतो, ती आपल्या पेशीहून वेगळ्या रासायनिक मार्गाने, एल प्रथिनाकरवी. बॅनर्जी यांच्याच प्रयोगशाळेने 2010 मध्ये खुद्द चांदीपुऱ्याच्या एलमध्ये त्या कामाला आवश्यक जागा दाखवली. आपल्या पेशीत नसलेली पायरी अडवली, तर पेशीला धक्का न लावता विषाणू रोखण्याची शक्यता उरते. आणि निदानाचे ऋण तर आजच आपल्यावर आहे. कणात लपलेले विकर शोधता शोधताच बाल्टिमोरने त्याच 1970 मध्ये, टेमिन आणि मिझुतानी यांच्याप्रमाणेच, आरएनएवरून डीएनए लिहिणारे विकर शोधले. तिसगावच्या मुलाचा नमुना चांदीपुऱ्याच्या आरटी-पीसीआर चाचणीला गेला, तर पहिली पायरी असते त्याच प्रकारच्या विकराची. गावाचे नाव कुठे दुःख झाले ते सांगते. ते दुःख ओळखण्याचे साधन मात्र कुळाच्या शोधातून आपल्या हाती आले आहे.