नुकसानभरपाई, आपत्तीतील बचावकर्त्यांची

आग, पूर, स्फोट, भूकंप, दरड कोसळणे इ. आपत्तींत सापडलेल्यांची सुटका करताना स्वतः जखमी झालेल्या व्यक्तीस मालकाकडून वा शासनाकडून मिळणारे आर्थिक साहाय्य. भारतात या विषयासाठी एकच सर्वंकष कायदा झालेला नाही. जखम किती गंभीर, याआधी जखमी व्यक्ती कोणाच्या नोकरीत होती, हा प्रश्न येथे विचारला जातो.

या पद्धतीचे मूळ कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ यात आहे. नोकरीतून व नोकरीच्या काळात उद्‌भवलेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, असे त्याचे सूत्र होते. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अग्निशामक दलातील नोकरांचा समावेश होता. मात्र सशस्त्र सेनांतील व्यक्ती वगळलेल्या होत्या. पहिल्या अनुसूचीत अवयवांच्या हानीचे प्रमाण ठरवून दिलेले असून नंतरच्या दुरुस्त्यांनुसार अंगठा गमावल्यास अर्जनक्षमतेची ३० टक्के, तर दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावल्यास ४० टक्के हानी धरली जाई. जखमी व्यक्तीने मालकास अपघाताची सूचना द्यावयाची, वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवावयाचे आणि मालकाने रक्कम न दिल्यास आयुक्तापुढे अर्ज करावयाचा, अशी कार्यपद्धती होती. अर्जाची मुदत पुढे दोन वर्षांची झाली. हजेरीपटावर नाव नसलेल्या मनुष्याचा या साऱ्या व्यवस्थेत शिरकावच होत नसे.

दुसऱ्या महायुद्धात ही उणीव प्रथम अधिकृतपणे लक्षात घेतली गेली. १९४१ च्या युद्धजन्य इजाविषयक वटहुकुमाने नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकास कर्तव्य बजावताना झालेल्या इजेसाठी साहाय्याची तरतूद केली. पगार न घेणाऱ्या बचावकर्त्यास कायद्यात स्थान मिळाले ते असे, तेही युद्धकाळापुरते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. अग्निशामक दलाचे जवान जहाजावर पाण्याचा मारा करीत असतानाच दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा प्रचंड स्फोट झाला. या दुर्घटनेत दलातील ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो. गोदीत त्या दिवशी जवान, सैनिक, बंदराचे नोकर आणि स्वयंसेवक असे सर्वच मदतीस होते. आग एकच असली, तरी त्यांचे हक्क वेगवेगळ्या नियमांखाली येत होते. शिवाय स्फोट हा अपघात होता, शत्रूचा हल्ला नव्हे. अखेर शासनाने मुंबई स्फोट (नुकसानभरपाई) वटहुकूम, १९४४ हा स्वतंत्रपणे काढला. मृतांचे दरवर्षी स्मरण होते. जायबंदी होऊन जगलेल्यांची आठवण मात्र फारशी राहिली नाही.

चीनच्या आक्रमणानंतर व्यक्तिगत इजा (आणीबाणी तरतुदी) अधिनियम, १९६२ संमत झाला. त्यातही नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांचा विचार आहे, परंतु आणीबाणीच्या काळापुरताच. शांततेच्या काळातील पूर वा भूकंप त्याच्या कक्षेत येत नव्हते.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नंतर केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाच्या साहाय्याचे निकष ठरविले. २०२२–२६ या काळाच्या निकषांत मृताच्या वारसांस ४ लाख रुपये असून मदतकार्यात मृत्यू पावलेल्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. ६० टक्क्यांहून अधिक अपंगत्वास अडीच लाख, ४० ते ६० टक्क्यांस ७४,००० रुपये अशी रक्कम आहे. मात्र अपंगत्वाच्या कलमात मदतकार्य करणाऱ्यांचा वेगळा उल्लेख आढळत नाही. अपंगत्वाचे प्रमाण व कारण शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रमाणित करावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलात येऊन १९२३ चा अधिनियम तीत सामावला गेला. नोकरीशी संबंध सिद्ध करण्याची अट कायम राहिली.

ग्रामीण भागात ही अट विशेष जाचक ठरते. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, सणसर व भवानीनगरच्या ऊसपट्ट्यात, विहिरींची खोदाई व बांधकाम नेहमीचे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे विहिरीचे बांधकाम ढासळून चार कामगार गाडले गेले आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलास पाचारण करावे लागले. या दलातील जवानास त्याच्या मूळ दलाच्या सेवानियमांचा आधार असतो. दल पोहोचण्यापूर्वी विहिरीत उतरणाऱ्या ग्रामस्थास तो नसतो, कारण विहीर ढासळणे हे केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीतही नाही. तो खातेदार शेतकरी वा त्याच्या कुटुंबातील पात्र सदस्य असल्यास राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली (२०२३) अर्ज करू शकतो. अपघातात दोन अवयव गमावल्यास २ लाख, एक गमावल्यास १ लाख रुपये अशी तिची तरतूद आहे. हे अनुदान त्यास शेतकरी म्हणून मिळते, बचावकर्ता म्हणून नव्हे. शेजारच्या भूमिहीन मजुरास तेही लागू होत नाही.