नवी विंडोज, जुनी मराठी : घरच्या संगणकावरील एका स्थलांतराचा इतिहास

१/१२
१९९०च्या दशकात छापलेले मराठी पुस्तक कपाटातून काढले, तर ते आजही सहज वाचता येते. त्याच पुस्तकाची संगणकावरील मूळ फाइल एखाद्या जुन्या सीडीवर सापडली, तर मात्र पडद्यावर बहुधा इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. फाइल बिघडलेली नसते. मग त्यातील मराठी गेली कुठे? या प्रश्नाचे उत्तर घरच्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालण्याच्या इतिहासात आहे.

२/१२
२४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ बाजारात आणली. ती सीडीवर किंवा १३ फ्लॉपींच्या संचात मिळे. तिला किमान ४ एमबी मेमरी लागे. पूर्वी फाइलीचे नाव ८ अक्षरांत बसवावे लागे. आता ते २५५ अक्षरांपर्यंत लांबवता येऊ लागले. पण ज्याचा चरितार्थ घरच्या संगणकावर चाले, त्याला वेगळीच चिंता होती : जुने प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालतील का?

३/१२
ही चिंता मायक्रोसॉफ्टलाही होती. विंडोज ९५च्या विकासप्रमुखाने दुकानातील प्रत्येक प्रोग्रॅमची एकेक प्रत विकत आणली आणि ती सहकाऱ्यांमध्ये चाचणीसाठी वाटून दिली, असा किस्सा त्या कंपनीतील अभियंते सांगतात. ‘सिमसिटी’ या खेळात एक चूक होती. मेमरीची जी जागा तो परत करी, तीच लगेच पुन्हा वाचे. जुन्या विंडोजवर हे खपून जाई. नव्या विंडोजमध्ये केवळ या खेळासाठी मेमरी वाटपाची निराळी तजवीज करण्यात आली.

४/१२
दुसऱ्याची चूक स्वतःच्या सिस्टिममध्ये सांभाळून घेण्यामागे व्यवहार होता. जुने काम अडले, तर नवी विंडोज कोण विकत घेईल? त्यामुळे ‘कालचे काम उद्याही चालेल’ हे प्रत्येक नव्या आवृत्तीचे अलिखित वचन ठरले. मात्र मराठीपुढचा पेच अशा चाचण्यांनी सुटणारा नव्हता. त्याचे मूळ प्रोग्रॅमपेक्षा खोलवर, अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत होते.

५/१२
त्याच काळात महाराष्ट्रात खिळे जुळवण्याचे काम डीटीपीकडे जात होते. पेजमेकर, मराठी फॉन्टचा एक संच आणि लेझर प्रिंटर एवढ्या भांडवलावर अनेकांनी राहत्या घरी अक्षरजुळणीचा व्यवसाय मांडला. पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका अशी कामे त्यांच्याकडे येत. छापलेल्या पानावर सुबक देवनागरी उमटे. संगणकाच्या लेखी मात्र ती देवनागरी नव्हतीच.

६/१२
त्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे असत आणि ती मुळात रोमन लिपीसाठी आखलेली होती. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच घरांत क, अर्धा क, काना, वेलांटी, रफार यांचे आकार बसवले. प्रत्येकाची मांडणी वेगळी. फाइलीत साठे तो फक्त घराचा क्रमांक. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर असेल तर मराठी दिसे. नसेल तर त्या घरातील मूळ रोमन अक्षर दिसे.

७/१२
सर्वांसाठी एकच मांडणी असावी, हा विचार नवा नव्हता. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्वतःची १२८ स्थाने मिळाली. त्यांची रचना इस्कीवरच आधारलेली होती. म्हणजे मानक अस्तित्वात होते. परंतु विंडोज ९५ आणि विंडोज ९८ यांच्यात युनिकोड देवनागरीची अंगभूत सोय नव्हती.

८/१२
ती सोय १७ फेब्रुवारी २००० रोजी आलेल्या विंडोज २०००ने दिली. तिच्यातील ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. विंडोज २००० प्रामुख्याने कार्यालयांसाठी होती. घरोघरी ही सोय पोहोचली ती २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या विंडोज एक्सपीबरोबर. तेथेही ती आपोआप सुरू होत नसे. सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि मग संगणक एक्सपीची मूळ सीडी मागे.

९/१२
विंडोज ९८चा पाया डॉसचा होता, एक्सपीचा एनटीचा. एनटीमध्ये प्रोग्रॅमला प्रिंटरच्या पोर्टशी थेट बोलता येत नाही. मराठी सॉफ्टवेअरची अनेक कुलपे, म्हणजे ‘डोंगल’, नेमकी त्याच पोर्टवर लावलेली असत. मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती विकत घ्या, नाहीतर एकाच हार्ड डिस्कवर ९८ आणि एक्सपी दोन्ही ठेवा. कोणी जुना संगणकच कोपऱ्यात जपून ठेवला.

१०/१२
सर्व काही सुरळीत झाले, तरी जुन्या फाइली जुन्याच राहत. नवी सिस्टिम त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करीत नसे. त्यासाठी वेगळे प्रोग्रॅम निघाले, पण काम किचकट होते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचेही स्थान बदलते. एक क्रम चुकला की शब्द मोडे. शिवाय ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे. म्हणून प्रत्येक पानाचे मुद्रितशोधन पुन्हा करावे लागे.

११/१२
एवढा वेळ आणि पैसा प्रत्येकाकडे नव्हता. तारखा मात्र थांबल्या नाहीत. विंडोज ९८चा आधार ११ जुलै २००६ रोजी संपला, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. दरम्यान ६४-बिट विंडोज रुळली आणि तिच्यावर १६-बिट प्रोग्रॅम चालेनासे झाले. १९९५चे ते वचन असे हळूहळू आखडत गेले. कोपऱ्यात जपलेला संगणकही कधीतरी बंद पडलाच.

१२/१२
नवी ऑपरेटिंग सिस्टिम फाइलीतील आकडे जसेच्या तसे जपते. त्या आकड्यांचा अर्थ मात्र फॉन्टमध्ये असतो. ज्यांनी वेळीच रूपांतर करून मजकूर तपासून घेतला, त्यांचे लेखन आज शोधता येते, पुन्हा छापता येते. बाकीचे अजून फ्लॉपी, सीडी आणि जुन्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. ते कायमचे गेलेले नाही. घरातील जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी फाइलींबरोबर त्यातील फॉन्टचे फोल्डरही उतरवून घेतले, तर कोणाची तरी स्मरणिका, कोणाचे तरी न छापलेले हस्तलिखित पुन्हा वाचता येऊ शकते.