ल्यों, पंचकार्डं आणि आमचं कार्टं

सात महिन्यांचं पोर घेऊन परदेशात हिंडणं म्हणजे काय प्रकार असतो, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. नवरा ऑनसाइट जिनिव्हाला, मी बाळंतपणाच्या रजेवर. जोडून सुट्टी मिळाली तशी आम्ही ट्रेनने दोन तासांवरचं फ्रान्समधलं ल्यों गाठलं. "एवढ्याशा लेकराला घेऊन कशाला उंडारता?" सासूबाई फोनवर म्हणाल्याच. आता त्यांना काय सांगू, की मला पंचकार्डं बघायची होती!

कॉलेजात जॅकार्डवर चार ओळींची टीप लिहून मार्क मिळवले होते, तेवढीच आमची ओळख. जोसेफ मारी जॅकार्ड ल्योंचाच, जन्म १७५२. त्याच्या आधी रेशमावर नक्षी विणायची तर विणकराशेजारी एक पोरगा किंवा पोरगी बसून दिवसभर दोऱ्या ओढायची. कुठले उभे धागे वर उचलायचे, हे त्या दोऱ्या ठरवत. जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवलं. भोक असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली. एक आणि शून्य, दुसरं काय! कल्पना सगळी त्याची नव्हे हां. बूशाँ, फाल्कन, वोकांसाँ यांनी आधीच्या शतकात पाया घातला होता. पण चालणारी व्हर्जन ज्याची, नाव त्याचं. हे आपल्याला नवीन नाही :)

पुढे १८३९ मध्ये जॅकार्डचं चित्रच रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती, आणि त्याच्या ॲनालिटिकल इंजिनात कार्डं आली ती या मागावरूनच.

क्रुआ-रूस ही विणकरांची टेकडी. तिथे 'मेझों दे कान्यू' नावाच्या संग्रहालयात माग चालवून दाखवतात. (कान्यू म्हणजे तिथला रेशीम विणकर.) आमचे चिरंजीव मेट्रोपासून भोकाड पसरून. पण माग सुरू झाला, बिस-टां-क्लाक, बिस-टां-क्लाक... आणि स्वारी गप्प. दोन मिनिटांत माझ्या खांद्यावर झोप. या आवाजावरून तिथे मागालाच 'बिस्तांक्लाक' म्हणत.

तिथली घरं बघण्यासारखी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, छत चांगलं चार मीटर उंच, कारण जॅकार्डचा सांगाडा मागाच्या वर बसतो. घर म्हणजेच कारखाना. झोपायला वर लाकडी माळा. मी बघत होते आणि डोक्यात एकच प्रश्न, या सगळ्यात पाळणा कुठे असेल?

हॉटेलवर येऊन वाचत बसले. उत्तर असं की बऱ्याच घरांत पाळणा नव्हताच. जॅकार्डच्याही आधीपासून, अठराव्या शतकात, ल्योंचे विणकर जन्मलेलं मूल दूध पाजायला खेड्यातल्या दाईकडे पाठवत. हिशोब साधा होता. बायको मागाशी नसेल तर तिच्या जागी पगारी माणूस ठेवावा लागे, आणि दाई त्याहून स्वस्त पडे. दाया स्वतःच गरीब, एकीच्या दुधावर दोन-दोन पोरं. त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत. प्रोस्त द रोयेर या ल्योंच्या पोलीस अधिकाऱ्याने १७७८ मध्ये यावर कळवळून लिहिलं. पुढे नाटककार बोमार्शेने १७८४ मध्ये आपल्या 'फिगारोचं लग्न' नाटकाच्या ५० व्या प्रयोगाचं उत्पन्न अंगावर पाजणाऱ्या गरीब आयांसाठी दिलं, आणि ल्योंमध्ये अशा आयांना पैशाची मदत देणारी संस्था निघाली. म्हणजे बाईला आपल्याच मुलाला पाजता यावं म्हणून भत्ता! आपल्याकडे हिरकणीने रायगडाचा कडा उतरला, तिच्या नावाने एसटी स्टँडवर कक्ष आहेत. या बायकांना कडा नव्हता, माग होता.

१८३१ आणि १८३४ मध्ये याच कान्यूंनी उठाव केले. पहिला तर मजुरीच्या ठरलेल्या दरासाठी. दर मंजूर झाला आणि व्यापाऱ्यांनीच मोडला. दोन्ही उठाव लष्कराने चिरडले. इतिहासाच्या पुस्तकांत हे सविस्तर सापडतं. दाईकडे गेलेल्या पोरांना मात्र शोधावं लागतं.

माझी रजा पुढच्या महिन्यात संपतेय. पुण्यात ऑफिसपासून दहा मिनिटांवरचं पाळणाघर बघून ठेवलंय, कॅमेरे आहेत, बाई प्रेमळ वाटल्या. फी भरायची शेवटची तारीख नेमकी त्याच दिवशी होती. हॉटेलच्या वायफायवरून भरली. मग नवऱ्याला म्हटलं, उद्या ट्रेनच्या आधी परत एकदा टेकडीवर जाऊ या का?

गेलो. बिस-टां-क्लाक सुरू झालं, पण या वेळी चिरंजीव टक्क जागे, डोळे विस्फारून धोट्याकडे बघत.