पान, पीठ आणि शिरका

चिनी जेवणाची आपली कल्पना बहुधा हॉटेलातील तळलेल्या शेवयांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. उत्तर चीनमधील शान्सी प्रांतातील शेतकऱ्याच्या चुलीशी त्या कल्पनेचा संबंध फारच थोडा. शान्सी या नावाचा अर्थ 'डोंगरांच्या पश्चिमेस'. पूर्वेला ताय-हांग पर्वताची भिंत, पश्चिमेला व दक्षिणेला पीत नदी आणि मध्ये पिवळ्या भुसभुशीत मातीचे, पावसावर हवाला ठेवून असलेले पठार. पिठाच्या पदार्थांसाठी या प्रांताची सर्व चीनभर ख्याती आहे. कणकेचा गोळा एका हातावर धरून सुरीने त्याचे लांबट काप थेट उकळत्या पाण्यात उडविणारा शान्सीचा आचारी प्रवाशांनी पुष्कळ पाहिलेला असतो. मला मात्र त्या हातचलाखीपेक्षा तेथील एका अगदी साध्या घरगुती पदार्थाविषयी लिहावयाचे आहे; कारण त्या प्रांताचा इतिहास त्यात अधिक उघडपणे वाचता येतो.

या पदार्थाचे नाव 'चान-प्येन्झ', म्हणजे बुडविण्याचे काप. पालकाचे पान, कोवळी शेंग, वांग्याची किंवा भोपळ्याची पातळ फोड, जे हाताशी असेल ते दाट कालवलेल्या पिठात बुडवावयाचे आणि एकेक करून उकळत्या पाण्यात सोडावयाचे. पीठ शिजून पानाला घट्ट बसले की काढून घ्यावयाचे आणि लसूण-शिरक्यात बुडवून खावयाचे. बुडविणे दोनदा घडते: एकदा पिठात, एकदा शिरक्यात. मराठी गृहिणीला अळूवडी आठवेल, भजी आठवतील, वरणफळेही आठवतील. पण भज्याला कढईभर तेल लागते आणि वरणफळाला कणीक सढळ लागते. येथे तेल नाहीच आणि पीठही पानावर बसेल तेवढेच. मूठभर पिठात कुटुंबाच्या पोटाला आधार व्हावा, हा त्यातला हिशेब आहे.

गव्हाचे पीठ चीनमध्ये सर्वांच्या आवाक्यात यावयास फिरते जाते घरोघर यावे लागले. ते काम हान राजवटीच्या काळात झाले. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस शू शी या पंडिताने पिठाच्या पदार्थांवर एक दीर्घ काव्य रचले. त्यात तो मोकळेपणाने सांगतो की, हे पदार्थ फार प्राचीन नव्हेत. त्यांची नावे गल्लीबोळांतून आली आणि कृती परदेशांतून. आपल्या पाककलेचा उगम देवादिकांपर्यंत नेऊन भिडविणाऱ्या आपणा लोकांना हा प्रामाणिकपणा मानवणे कठीण! पुढे सहाव्या शतकात चिया स्स-श्ये याने शेतीवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात पाण्यात ओढून केलेल्या शेवया आहेत आणि शिरका करण्याच्या वीसहून अधिक रीती आहेत. पालक त्यानंतरचा. इसवी सन ६४७ मध्ये नेपाळच्या राजाने थांग सम्राटाकडे ही भाजी भेट म्हणून पाठविल्याची चिनी नोंद आहे. चिनी लोक तिला पूर्वी 'इराणी भाजी' अशा अर्थाच्या नावानेही ओळखीत.

पण शान्सीत गहू मुख्यतः दक्षिणेच्या खोऱ्यांतला. मध्य आणि उत्तर भागांतील शेतकरी राळे, ज्वारी, ओट आणि कुट्टू यांवर जगला. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, हे भाकरी थापणाऱ्यास सांगावयास नको. मग शान्सीच्या बाईने दोन उपाय काढले. एक, ज्वारीच्या गोळ्याला गव्हाच्या कणकेचे पातळ आवरण घालून तो लाटणे. शेवई बाहेरून पांढरी, आतून लाल! दुसरा उपाय म्हणजे एल्म नावाच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून ती भरड पिठात मिसळणे. तिच्या चिकटपणामुळे ज्वारीच्याही शेवया तुटत नाहीत. या सालीची आठवण वाचकांनी ठेवावी.

अशा भूमीतील हुशार माणूस व्यापाराला बाहेर पडला, यात नवल नाही. १८२३ च्या सुमारास फिंग-याव या लहानशा तटबंदीच्या गावी 'र-शंग-छांग' ही हुंड्यांची पेढी निघाली आणि पाहतापाहता शान्सीच्या पेढ्यांनी साऱ्या साम्राज्याचा पैसा इकडून तिकडे फिरविण्यास आरंभ केला. त्यांच्या शाखांवर नेमलेले कारकून घरचेच, शान्सीचे. नेमणूक साधारण तीन वर्षांची. बायकामुलांना बरोबर नेण्याची परवानगी नाही. बदलीच्या गावी संसार थाटून बसलेल्या आपल्या वाचकांनी या नियमाची कल्पना करून पाहावी. पीकिंगला भरलेले रुपे एका चिठ्ठीवर कँटनला मिळे, इतकी त्या पेढ्यांची पत होती.

आणि तरीही १८७६ ते १८७९ या वर्षांत त्याच शान्सीत माणसे लाखांनी मेली. पाऊस हटला, पीक गेले. उत्तर चीनच्या पाच प्रांतांत मिळून ९५ लक्ष ते १ कोटी ३० लक्ष माणसे दगावल्याचा अंदाज आहे आणि त्यात सर्वांत भयंकर घाव शान्सीवर पडला. चिठ्ठीवर रुपे डोंगर ओलांडीत होते. धान्य ओलांडू शकत नव्हते. तिएन्त्सिन बंदरात धान्याच्या राशी आल्या, पण तेथून शान्सीत शिरावयास ताय-हांगमधील कू-क्वान खिंडीची अरुंद वाट. तीवर उंट, खेचरे, गाढवे यांची कोंडी झाली, जनावरे मेली, धान्य वाटेतच सडले किंवा लुटले गेले. १८७७ मध्ये प्रांताचा कारभार हाती घेतलेल्या त्सेंग क्वो-छुआन याने आणखी एका कारणाकडे बोट दाखविले: चांगल्या जमिनी खसखशीच्या पिकाखाली गेल्या होत्या. ही अफू देशी खरी. पण तिचे व्यसन पोसले होते ते बंगालच्या आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या माळव्याच्या अफूने. टिमथी रिचर्ड या मिशनऱ्याने १८७८ च्या हिवाळ्यात ताय-युआनच्या दक्षिणेस प्रवास केला. त्याच्या नोंदींत एल्मच्या सोललेल्या झाडांचा उल्लेख येतो. शेवया जोडणारी साल आता पिठात मिसळण्यासाठी उरली नव्हती. तीच पीठ झाली होती. पाने, साली, अखेर पांढरी माती.

त्याच वर्षांत, प्रशांत महासागराच्या त्याच तापलेल्या पाण्यामुळे, आपल्या दख्खनचाही पाऊस हटला होता. सोलापूर, कलादगी, नगर, सातारा येथील हकीकत वाचकांना ठाऊक आहे. तिकडे वाट नव्हती. इकडे सोलापुरावरून आगगाडी धावत होती, धान्य येतही होते, पण ते विकत घ्यावयास मजुराच्या हाती दाम नव्हता. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी एक रत्तल धान्याची किंमत व वर एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. वाटेचा अभाव हे दुष्काळमृत्यूचे पूर्ण उत्तर नव्हे, एवढे या दोन प्रांतांना शेजारी ठेवले म्हणजे स्पष्ट दिसते. शान्सीत आगगाडी पोचली ती १९०७ मध्ये. र-शंग-छांग पेढी १९१४ मध्ये बुडाली. घरोघरची पानाला पीठ लावण्याची रीत मात्र चालू राहिली.

आता राहिला शिरका. शान्सीचा जुनविलेला काळा शिरका ज्वारीचा असतो, हे कळल्यावर कोणाही महाराष्ट्रीयाला त्या बाटलीविषयी आपलेपणा वाटेल. शिजविलेली ज्वारी, सातू आणि वाटाण्यापासून केलेले विरजण, मग मुरवण. उन्हाळ्यात उन्हाने पाणी आटवावयाचे, हिवाळ्यात वर जमलेला बर्फ काढून टाकावयाचा. तेथील लोकांना या शिरक्यावरूनच थट्टेचे नाव पडले आहे. शान्सीचा शिपाई बंदूक खाली ठेवील, पण शिरक्याचा भोपळा देणार नाही, अशी गोष्ट चीनमध्ये सांगतात. भरड धान्य आणि जड पाणी पचावयास आंबट हवे, असे स्पष्टीकरण शान्सीचे लोक देतात. मला वाटते, ज्या ताटात तेल-तूप नाही त्यात चव आणण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता.

ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी: कणकेत किंचित मीठ घालून ती भज्यांच्या पिठाहून थोडी दाट कालवावी व पाव तास ठेवावी. भाजी धुऊन अगदी कोरडी करावी. ओल्या पानावरून पीठ सुटते. पाणी खळखळत असू द्यावे, फोडी एकमेकींना चिकटणार नाहीत अशा बेताने सोडाव्या आणि वर आल्यावर आणखी एक उकळी द्यावी. शिरक्यात ठेचलेली लसूण, थोडा सोयाबीनचा रस आणि तिखटावर ओतलेले चमचाभर तापले तेल. काही घरांत टोमॅटो परतून घालतात. तो आणि मिरची ही दोन्ही अमेरिकेहून आलेली, मिरची सोळाव्या शतकात, टोमॅटोला मान मिळाला तो विसाव्यात. भांड्यात उरलेले पिठूळ पाणी टाकावयाचे नसते. ते वाटीत घेऊन, पेजेसारखे, जेवणाच्या शेवटी गरम गरम पितात.